मनाच्या घरात याकोबाचं कुटुंब

बायबलच्या पहिल्याच पानावर एक अडचण आहे. देव पहिल्या दिवशी प्रकाश निर्माण करतो आणि सूर्य, चंद्र, तारे मात्र चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशावरून झाली आणि सकाळ कशी उजाडली? संडे स्कूलमधली चुणचुणीत मुलं हे विचारतातच, आणि बहुतेक वेळा त्यांना गप्प बसवलं जातं.

गप्प बसवायचं काही कारण नाही. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळातला सर्वांत विद्वान भाष्यकार, अलेक्झांड्रियाचा ओरिजेन (सुमारे इ. स. १८५ ते २५३), यानं हा प्रश्न स्वतःच चारचौघांत मांडला होता. सूर्य नसताना दिवस होतो, देव शेतकऱ्यासारखी झाडं लावतो, संध्याकाळी बागेत फेरफटका मारतो आणि आदाम झाडाआड लपतो, हे सगळं जसंच्या तसं घडलं असं कोणता शहाणा माणूस मानेल, असं तो विचारतो. त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. तो म्हणतो की हे खाचखळगे चुकून राहिलेले नाहीत, मुद्दाम ठेवलेले आहेत. गोष्ट सरळ वाचता वाचता पाय अडखळला, की वाचकानं थांबावं आणि खाली आणखी काय आहे ते पाहावं.

'खाली' काय आहे? ओरिजेन आणि त्याच्या आधीचे-नंतरचे कितीतरी वाचक सांगतात की खाली माणसाचं मन आहे. इस्राएली लोक जिथे गुलाम होते तो मिसर देश म्हणजे वासनांची गुलामी, तिथला राजा फारो म्हणजे सोडवत नाही अशी सवय, वाळवंट म्हणजे मधला कोरडा काळ. बायबलमधली माणसं म्हणजे आपल्याच आत येणाऱ्या-जाणाऱ्या अवस्था. ही वाचनपद्धती दोन हजार वर्षं चालत आली आहे. तिच्यात थोर बुद्धीची कामं आहेत आणि निव्वळ थापाही आहेत. दोन्ही एकमेकांपासून ओळखायच्या कशा, हा या लेखाचा विषय.

रूपक रचणं वेगळं, वाचणं वेगळं

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. एकनाथांच्या भारुडातला विंचू चावतो तो पायाला नव्हे, हे गावच्या पारावर बसलेल्या माणसालाही कळतं. पण भारूड आणि बायबलचं असं वाचन यांत एक मोठा फरक आहे. नाथांनी विंचू रचला तेव्हा तो काम-क्रोधाचा विंचू आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रूपक त्यांनीच बांधलं, आपण फक्त सोडवायचं. 'उत्पत्ती' या पुस्तकात याकोबाची गोष्ट सांगणारा मात्र असा कुठलाही इशारा देत नाही. त्याच्या दृष्टीनं याकोब हा इस्राएलचा पूर्वज आहे, हाडामांसाचा माणूस आहे. दुसरा अर्थ वाचक आणतो.

मग दोन प्रश्न उभे राहतात. हा अधिकार वाचकाला दिला कुणी? आणि दिला असेल तर त्यानं वाटेल तो अर्थ आणू नये म्हणून लगाम कुठला? पहिल्या प्रश्नावर वाद भरपूर झाले. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

अशा वाचनाची सुरुवात ग्रीकांनी केली. होमरच्या महाकाव्यांत देव भांडतात, फसवतात, व्यभिचार करतात. मुलांना हेच शिकवायचं असल्यानं पंचाईत व्हायची. इ. स. पूर्व सहाव्या शतकात रेगियमच्या थिआजेनीसनं बचाव मांडला की देवांची ही मारामारी म्हणजे उष्ण आणि थंड, कोरडं आणि ओलं अशा तत्त्वांचा झगडा. पुढे स्टोइक तत्त्वज्ञांनी ही पद्धत उचलली. आणि ज्या शहरात ग्रीक विद्या व यहुदी धर्म एकाच गल्लीत नांदत होते, त्या अलेक्झांड्रियात ती फिलोच्या हाती आली.

फिलोनं वाचलेली एदेन बाग

फिलो (सुमारे इ. स. पूर्व २० ते इ. स. ५०) हा धनाढ्य घराण्यातला यहुदी. इ. स. ३८ मध्ये अलेक्झांड्रियात यहुद्यांवर हल्ले झाले, तेव्हा सम्राट कॅलिगुलाकडे दाद मागायला रोमला गेलेल्या शिष्टमंडळाचा तो प्रमुख होता. म्हणजे हवेत तरंगणारा माणूस नव्हे. पण घरी बसून त्यानं मोशेच्या ग्रंथांवर जे लिहिलं, ते जवळजवळ सगळं मनाचंच वर्णन आहे.

त्याच्या वाचनात आदाम म्हणजे बुद्धी, हव्वा म्हणजे इंद्रियांची संवेदना आणि साप म्हणजे सुख. इथवर नुसत्या पाट्या लावल्या असं वाटेल. पण फिलो पुढे विचारतो की साप आदामाशी सरळ का बोलत नाही? तो आधी हव्वेकडे का जातो? कारण सुखाला बुद्धीपर्यंत थेट पोचता येत नाही. ते आधी डोळ्यांत शिरतं, नाकात शिरतं, जिभेवर येतं. इंद्रियं ते बुद्धीपुढे ठेवतात आणि मग बुद्धी त्याच्या बाजूनं सबबी शोधायला लागते. मधुमेह असलेला माणूस जिलबीच्या कढईसमोर उभा राहतो तेव्हा नेमक्या याच क्रमानं सगळं घडतं. आधी वास, नंतर 'एकानं काय होतंय'.

या वाचनाची एक किंमतही मोजावी लागली. बाई म्हणजे इंद्रिय आणि पुरुष म्हणजे बुद्धी, हे समीकरण रूपकापुरतं राहिलं नाही. पुढची कित्येक शतकं ते खऱ्याखुऱ्या बायकांच्या अंगाला चिकटलं.

फिलोचं त्याहून सुंदर वाचन सारा आणि हागार यांचं. अब्राहामाला सारेपासून मूल होत नाही. तेव्हा सारा स्वतःच त्याला आपल्या मिसरी दासीकडे, हागारकडे पाठवते. फिलोच्या मते सारा म्हणजे शहाणपण आणि हागार म्हणजे व्याकरण, भूमिती, संगीत असे शाळेत शिकायचे विषय. शहाणपण वांझ नाही. अब्राहामच अजून तिच्या योग्यतेचा झालेला नाही. म्हणून शहाणपणच त्याला सांगतं की आधी शाळेत जाऊन ये. धोका असा की माणूस दासीतच रमतो, घरधनीण विसरतो. व्याकरणातच म्हातारे झालेले विद्वान आपणही पाहिलेले असतात. फिलो स्वतःबद्दलही सांगतो की तरुणपणी आपण या विद्यांच्या सहवासात होतो, पण त्यांच्यापासून जे मिळालं ते मालकिणीच्या चरणी नेऊन ठेवलं.

हे वाचन पटतं, कारण ते नुसत्या नावांवर उभं नाही. मालकीण आणि दासी, आधी कोण आणि नंतर कोण, कुणी कुणाला पाठवलं, पुढे मत्सर का झाला, हे सगळे गोष्टीतले दुवे अर्थाच्या बाजूलाही काम करतात. नावांचा जुळारी कुणीही होऊ शकतो. नाती जुळवणं कठीण असतं. लगाम इथे आहे.

आणि आणखी एक लगाम फिलोनंच घातला. अलेक्झांड्रियात काही मंडळी म्हणू लागली होती की शब्बाथाचा, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, आतला अर्थ आम्हाला कळला, आता शब्बाथ पाळायचं कारण नाही. फिलो त्यांच्यावर चिडला. शरीर हे आत्म्याचं घर आहे म्हणून आपण शरीराची काळजी घेतो, तशीच शब्दशः अर्थाचीही घ्यायला हवी, असं त्यानं बजावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रंथाचे दोन अर्थ म्हणजे जात्याच्या दोन तळ्या. वरची तळी फिरते, पीठ तिच्या फिरण्यानं पडतं. पण खालची तळी जागची हलली तर वरची कितीही गरगर फिरवा, नुसता आवाज.

जिथे सद्सद्विवेक अडतो

प्रकाश आधी की सूर्य आधी, ही बुद्धीची अडचण. त्याहून मोठी अडचण नीतीची. 'निर्गम' या पुस्तकात देव मिसरवर दहा पीडा आणतो आणि दहाव्या पीडेत मिसरी लोकांची सगळी पहिली मुलं एका रात्रीत मरतात. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी या बिशपनं मोशेच्या चरित्रावर लिहिताना कुठलाही आडपडदा न ठेवता विचारलं की पाप बापाचं आणि मरण तान्ह्या लेकराला, यात न्याय कुठे आहे? चांगलं काय आणि वाईट काय हे ज्याला अजून कळतच नाही, त्याला शिक्षा कसली?

उत्तरादाखल तो गोष्ट आत वळवतो. मिसर म्हणजे वाईटाचं राज्य. त्याचं पहिलं मूल म्हणजे वाईटाची पहिली कोवळी सुरुवात. राग खुनापर्यंत पोचण्याआधी, नजर व्यभिचारापर्यंत पोचण्याआधी, उगवतानाच ती खुडावी. बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटण्याविषयी जे स्तोत्र आहे, त्याचं ओरिजेननंही असंच वाचन केलं होतं. तिथली तान्ही मुलं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले कुविचार.

मिलानमध्ये इ. स. ३८४ नंतरच्या दोन वर्षांत तरुण ऑगस्टीननं बिशप आम्ब्रोझच्या प्रवचनांत अशी वाचनं ऐकली. जुन्या कराराबद्दल त्याच्या मनात जी अढी बसली होती ती या वाचनांमुळे सुटली, असं त्यानं आपल्या आत्मकथनात नोंदवलं आहे. महात्मा गांधींनी गीतेतलं युद्ध हृदयातलं युद्ध म्हणून वाचलं, त्यामागेही अशीच नैतिक अडचण होती. अहिंसा मानणाऱ्यानं रणांगणावर सांगितलेला ग्रंथ उराशी धरायचा कसा?

असं वाचन म्हणजे पळवाट आहे का? थोडीशी आहे. ग्रेगरीची मुलं प्रतीकं झाली म्हणून गोष्टीतली मुलं जिवंत होत नाहीत. पण त्यानं प्रश्न झाकला नाही, आधी उघडा केला आणि मग आत शिरला. प्रश्न न विचारताच आत शिरणारे बरेच असतात. त्यांच्यापासून सावध असावं.

गोष्ट अक्षरशः घेणं आणि ती आत वळवणं यांखेरीज कोकणातल्या बेने इस्राएली यहुद्यांना परिचित असलेली एक तिसरी वाटही आहे. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या पुस्तकाची अपेक्षा अशी, की प्रत्येक पिढीतल्या माणसानं आपण स्वतःच मिसरमधून सुटून आलो असं समजावं. ही हग्गादा १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. इथे मिसर आतही आहे आणि बाहेरही. पूर्वजांची गुलामी खरीच होती. ती आपली म्हणून आठवायची एवढंच.

रिचर्डचं एकत्र कुटुंब

आता या पद्धतीचा सर्वांत भरलेला नमुना पाहू. बाराव्या शतकात पॅरिसला सेंट व्हिक्टर नावाचा मठ होता. तिथला रिचर्ड हा मूळचा स्कॉटलंडचा मानला जातो. ११६२ पासून तो मठाचा प्रायर, म्हणजे उपप्रमुख, होता आणि ११७३ साली वारला. कवी डान्टेनं आपल्या महाकाव्यातल्या स्वर्गात त्याला मोठ्या विद्वानांच्या पंगतीत बसवलं आहे. त्याचं एक पुस्तक 'बारा कुलपती' किंवा 'धाकटा बन्यामीन' या नावांनी ओळखलं जातं. त्यात त्यानं याकोबाच्या घरातली कटकट घेतली आणि तिच्यातून मनाची घडण समजावून सांगितली.

गोष्ट थोडक्यात अशी. याकोबाला मामाची धाकटी मुलगी राहेल आवडते. तिच्यासाठी तो सात वर्षं मामाकडे राबतो. लग्नाच्या रात्री अंधारात मामा थोरलीला, लेआला, आत पाठवतो. सकाळी याकोब पाहतो तर शेजारी लेआ. राहेलसाठी आणखी सात वर्षं राबणं आलं. लेआला एकामागून एक मुलगे होतात. लाडक्या राहेलची कूस रिकामीच. मग दोघी आपापल्या दासी नवऱ्याला देतात आणि मुलांची चढाओढ सुरू होते. एकदा तर शेतात सापडलेल्या पुत्रदात्रीच्या फळांच्या बदल्यात नवऱ्याच्या एका रात्रीचा सौदा होतो. धर्मग्रंथात हे कशाला, असं कुणालाही वाटेल.

रिचर्ड सांगतो की माणसाच्या आत्म्याला दोन शक्ती मिळालेल्या आहेत. एक जाणणारी आणि एक ओढ घेणारी. राहेल म्हणजे जाणणारी बुद्धी. ती देखणी आहे, सगळ्यांना हवी असते. लेआ म्हणजे भावना. तिचे डोळे अधू आहेत, कारण प्रेम आणि द्वेष यांना स्पष्ट दिसत नाही. माणूस शास्त्र उघडून बसतो तो ज्ञानाच्या लोभानं, राहेलसाठी. आणि सकाळी पाहतो तर हाती आलेला असतो स्वतःच्या दोषांचा पश्चात्ताप. लेआ! हृदयाची नीट घडी बसल्याशिवाय ज्ञान घरात येत नाही, ही गोष्ट कळायला सात वर्षं राबणं आलं.

म्हणून मुलं आधी लेआला होतात, आणि ती ठरावीक क्रमानं होतात. थोरला रऊबेन म्हणजे भय: आपण काय करून बसलो आहोत हे दिसल्यावर वाटणारं. भयाच्या पाठीवर शिमोन, म्हणजे दुःख. दुःख खरं असलं तर त्याच्या पाठीवर लेवी, म्हणजे आशा. आणि आशेमागून यहूदा, म्हणजे प्रेम. हा क्रम उलटवता येत नाही. केलेल्या चुकीचं दुःख न होता जी आशा वाटते तिला रिचर्ड आशा म्हणणारच नाही.

आता राहेल अस्वस्थ होते. भावनेला न दिसणाऱ्या गोष्टींवर प्रेम जडलं आहे, आणि बुद्धीला त्या गोष्टी कशा आहेत हे जाणायचं आहे. पण जे दिसत नाही त्याचा विचार करायचा कसा? बुद्धीची कूस रिकामी आहे. नाइलाजानं ती आपली दासी बिल्हा पुढे करते. बिल्हा म्हणजे कल्पनाशक्ती. रिचर्डला ही बाई चांगलीच ओळखीची असावी. ती अखंड बडबडते, प्रार्थनेच्या वेळीही तिची टकळी थांबत नाही. ध्यानाला बसलेल्या कुणालाही हे वर्णन पटेल. पण तिच्याशिवाय बुद्धीचं चालत नाही. तिचे दोन मुलगे दान आणि नफताली. पुढच्या वाईटाचं चित्र उभं करून मनाला आवरतो तो दान, आणि पाहिलेल्या सौंदर्यावरून न पाहिलेल्या चांगल्याची कल्पना करतो तो नफताली. राहेल दोघांना आपल्या मांडीवर घेते.

मग लेआही आपली दासी पुढे करते. जिल्पा म्हणजे शरीराची इंद्रियं. हिची तहान कधी भागतच नाही. तिला शिस्त लावली की तिच्या पोटी गाद आणि आशेर येतात, संयम आणि सोशिकपणा.

याच सुमाराला तो फळांचा सौदा होतो. रिचर्ड म्हणतो की त्या फळांचा सुवास म्हणजे लोकांकडून होणारी वाहवा. संयम आणि सोशिकपणा अंगी आला की लोक स्तुती करणारच, आणि भावनेला स्तुती फार आवडते. पण लेआ ती फळं राहेलच्या स्वाधीन करते, म्हणजे स्तुतीची हाव बुद्धीच्या ताब्यात देते. आणि मगच तिला पाचवा मुलगा होतो, इस्साखार, म्हणजे खरा आनंद. फळांचा सौदा आता धर्मग्रंथात कशाला आहे ते दिसतं. निदान रिचर्डला तरी दिसलं.

> चौकट: रिचर्डच्या वाचनातलं घर
>
> याकोब म्हणजे स्वतः माणूस, विचार करणारा जीव. लेआ (भावना) हिची मुलं: रऊबेन भय, शिमोन दुःख, लेवी आशा, यहूदा प्रेम, इस्साखार आनंद, जबुलून दुर्गुणांचा तिटकारा, आणि मुलगी दीना म्हणजे लाज. बिल्हा (कल्पना) हिची दान आणि नफताली. जिल्पा (इंद्रियं) हिची गाद, म्हणजे संयम, आणि आशेर, म्हणजे सोशिकपणा. राहेल (बुद्धी) हिचे योसेफ, म्हणजे तारतम्य, आणि बन्यामीन, म्हणजे ध्यान.

राहेलला शेवटी स्वतःचं मूल होतं तो योसेफ, म्हणजे तारतम्य. तो इतका उशिरा का? कारण तारतम्य पुस्तकातून येत नाही. भय किती असावं, दुःख कुठे थांबावं, संयम केव्हा हट्ट होतो, हे थोरली भावंडं घरात वावरत असल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक सद्गुण मापाबाहेर गेला की दुर्गुण होतो, आणि माप राखायचं काम योसेफाचं.

आणि शेवटचा बन्यामीन. त्याच्या जन्माच्या वेळी राहेल मरते. 'उत्पत्ती'च्या पस्तिसाव्या अध्यायात ही बेथलेहेमच्या वाटेवर झालेली बाळंतपणातल्या मृत्यूची एक घटना आहे, अत्यंत करुण. रिचर्डच्या वाचनात ध्यान जन्मतं तेव्हा बुद्धी संपते. विचार जिथवर नेतो तिथवर नेऊन खाली बसतो आणि त्यापुढे नुसतं पाहणं उरतं. मात्र रिचर्ड बुद्धीला कमी लेखत नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. ती घरातली सगळ्यांत लाडकी आहे, आणि तिच्या पोटाशिवाय बन्यामीन जन्मालाच येत नाही. विचार न करताच निर्विचार व्हायला निघालेल्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

अवस्थेला माणूस का लागतो?

'भीतीनंतर पश्चात्ताप होतो आणि पश्चात्तापातून आशा निर्माण होते' असं एका वाक्यात सांगता आलं असतं. मग एवढं कुटुंब कशाला?

मनाच्या अवस्थेला कडा नसतात. भीती कुठे संपते आणि दुःख कुठे सुरू होतं, हे आतून कळत नाही. तिला माणसाचं नाव दिलं की तिला वय येतं, आई येते, पाठची भावंडं येतात. 'हा कुणाचा?' आणि 'याच्या आधी कोण?' असे प्रश्न विचारता येतात, आणि हे प्रश्न कारणांचे असतात. दुसरं म्हणजे माणसाशी बोलता येतं, भांडता येतं. 'मी घाबरट आहे' असं म्हणणारा अडकून पडतो. 'घरात रऊबेन आलाय' असं म्हणणारा निदान दारात उभा राहून त्याच्याकडे पाहतो. तिसरं कारण मठातलं. हस्तलिखितं दुर्मिळ होती, शिकायचं ते पाठ करावं लागे, आणि ज्याला बायबल पाठ आहे त्याच्या डोक्यात हे कुटुंब आधीच राहायला आलेलं होतं. रिचर्डनं फक्त प्रत्येकाला काम नेमून दिलं.

गेल्या शतकात १९८०च्या दशकात रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कुटुंबचिकित्सकाच्या ध्यानात आलं की रुग्ण आपल्या मनातल्या 'भागां'बद्दल नातेवाइकांसारखंच बोलतात. कुणी रागावलेलं, कुणी सांभाळून घेणारं, कुणी कोपऱ्यात दडवलेलं. त्यावरून त्यानं एक उपचारपद्धतीच उभारली. नावाचा योगायोग सोडून द्या. पण मन एकजिनसी नसून एकत्र कुटुंब आहे, ही जाण दोघांची सारखीच.

शब्दकोश झाला की

अठराव्या शतकात स्वीडनच्या खाणखात्यात काम केलेल्या इमॅन्युएल स्वीडनबोर्गनं १७४९ ते १७५६ या काळात 'उत्पत्ती' आणि 'निर्गम' यांच्यावर आठ खंड लिहिले आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाला आतला अर्थ नेमून दिला. पुढे अमेरिकेत, कॅन्सस सिटीमध्ये, चार्ल्स आणि मर्टल फिलमोर या जोडप्यानं १८८९ साली युनिटी ही चळवळ सुरू केली. चार्ल्स फिलमोरनं येशूचे बारा शिष्य म्हणजे माणसातल्या बारा शक्ती असं मांडलं: पेत्र श्रद्धा, योहान प्रेम, थोमा समज, आणि असेच पुढे. १९३१ साली युनिटीनं बायबलमधल्या विशेषनामांचा एक कोशच काढला. वंशावळीत एकदाच येणाऱ्या नावांनाही त्यात मनाच्या अवस्था वाटून दिल्या आहेत.

कोशाची सोय मोठी. पण कोशात माणूस एकटा असतो. त्याच्यापुढे कोण आणि पाठीवर कोण हे गळून पडतं आणि उरते ती पाटी. पाटी कुणालाही लावता येते, आणि चुकली तरी कळत नाही.

नेव्हिल गोडार्डची गोष्ट वेगळी. बार्बाडोस बेटावर १९०५ साली जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कला आला, नट-नर्तक झाला आणि नंतर व्याख्याता. १९७२ साली तो वारला; आज इंटरनेटवर त्याचे श्रोते त्याच्या हयातीत होते त्याहून अधिक असावेत. तो म्हणे की देव म्हणजे माणसाची कल्पनाशक्ती आणि बायबल म्हणजे तिचं मानसशास्त्र. याकोब आणि एसाव यांची गोष्ट तो फार चतुराईनं सांगतो. आंधळा बाप इसहाक थोरल्या केसाळ एसावाला आशीर्वाद द्यायला निघतो; धाकटा याकोब हातांना करडांची कातडी बांधून येतो आणि बाप चाचपून फसतो. नेव्हिलच्या मते एसाव म्हणजे बाहेरची सध्याची परिस्थिती, याकोब म्हणजे मनातली इच्छा आणि आंधळा इसहाक म्हणजे डोळे मिटून बसलेले आपण. इच्छा हाताला लागेल इतकी स्पष्ट करा, तिला आशीर्वाद द्या, ती खरी होईल.

ऐकायला झकास. इथे नातीही जुळतात, आंधळेपणाचं कोडंही सुटतं. पण पुढचा अध्याय? याकोबाला घर सोडून पळावं लागतं. मामाकडे वीस वर्षं राबावं लागतं. आणि ज्यानं आंधळ्या बापाला एका भावाऐवजी दुसरा दिला, त्याला अंधारात एका बहिणीऐवजी दुसरी मिळते. गोष्ट आशीर्वादापाशी थांबत नाही, नेव्हिल थांबतो. खरं वाचन आणि सोयीचं वाचन यांतला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. रिचर्डचा अर्थ दर अध्यायाला पुढे चालत राहतो, राहेल मरते तिथपर्यंत. गोष्टीनं नको ते सांगितलं तरी तो ऐकून घेतो. नेव्हिलला गोष्टीकडून हवं ते मिळालं की तो पुस्तक मिटतो.

हागारला कोण विचारतं?

चांगल्या वाचनातही कुणाचा तरी बळी जातो. ख्रिस्ती प्रेषित पौलानं गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सारा आणि हागार म्हणजे दोन करार, एक स्वातंत्र्याचा आणि एक दास्याचा, असं मांडलं. पौल स्वतः यहुदी होता आणि आपल्याच लोकांशी वाद घालत होता. पण पुढच्या ख्रिस्ती वाचकांनी 'दास्य' हे लेबल सरसकट यहुद्यांना डकवलं: ते शब्दाला चिकटलेले, आम्ही आत्म्याला. मनाच्या अवस्थांचं वाचन असं खऱ्या माणसांच्या डोक्यावर पडलं, आणि त्याचे परिणाम युरोपच्या इतिहासात आहेत.

आणि ती मिसरी दासी? फिलोसाठी ती व्याकरण-भूमिती, पौलासाठी करार. 'उत्पत्ती'त मात्र ती एक गरोदर मुलगी आहे. मालकिणीच्या छळाला कंटाळून ती वाळवंटात पळते, झऱ्यापाशी थांबते, आणि तिथे देवाला स्वतः नाव देते: आपल्याला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला असं नाव देणारी ती पहिली व्यक्ती आहे. पुढे तिला भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी देऊन घराबाहेर काढलं जातं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी, ज्यांच्या आज्या-पणज्या खरोखरच दासी होत्या, हागारला प्रतीक न करता आपलीच बाई म्हणून वाचलं. डेलोरेस विल्यम्स या धर्मशास्त्रज्ञेचं १९९३ साली आलेलं पुस्तक या वाचनासाठी प्रसिद्ध आहे. त्या वाचनानंतर फिलोची मालकीण-दासी पुन्हा वाचताना जरा संकोच वाटतो, आणि वाटावा.

मनाच्या अवस्थांचं हे वाचन स्वतः करून पाहायचं असेल तर 'उत्पत्ती'चे २९ ते ३५ हे अध्याय घ्या. पहिल्या खेपेला कुणालाही कसलंही प्रतीक करू नका. मामा, भाचा, दोन बहिणी, दोन दासी आणि त्यांची पोरं एवढंच वाचा. कुणाचा राग येतो, कुणाची कीव येते ते लक्षात ठेवा. दुसऱ्या खेपेला रिचर्डची चौकट शेजारी ठेवा, आणि जिथे ती बसत नाही तिथे खुशाल खूण करा. मराठी बायबल कुठल्याही बायबल सोसायटीच्या दुकानात स्वस्तात मिळतं, आणि सात अध्याय वाचायला तासभर पुरतो.